कोपऱ्यातला लाल डाग

ऐका ना, आणि मध्ये हसू नका, नाहीतर मी सांगणारच नाही.

आमच्याकडे गाडीच्या दाराचा आतला पत्रा साच्यात दाबून काढतात ना, तर साचा बनवायच्या आधी मी तो कॉम्प्युटरवर खोटाखोटा दाबून बघते. फाटणार असेल तिथे लाल दिसतं, बाकी हिरवं. आणि खरा साचा घासून गुळगुळीत कोण करतं, तर माझा मामा. सख्खा मामा. त्यानेच मला तिथे चिकटवलंय.

तर एका कोपऱ्यात लाल आलं. गोलाई वाढवायला हवी होती, पण म्हणजे डिझाइनवाल्यांच्या मागे लागा, आठवडा घालवा, आणि साहेबांना रिपोर्ट त्याच संध्याकाळी हवा. मग मी घर्षणाचा आकडा जरासा कमी केला. म्हणजे कॉम्प्युटरला सांगितलं, पत्र्याला तेल लावलंय. लाल थोडं कमी झालं. अजून तेल. अजून. शेवटी सगळं हिरवंगार. एवढं तेल कुणी लावत नाही हे मला माहीत होतं, बरं का.

दीड महिन्याने साचा प्रेसवर चढला आणि पहिलाच पत्रा फाटला. बरोबर तिथेच. साहेब म्हणाले, "कॉम्प्युटरवर तर सगळं हिरवं आहे. म्हणजे घासण्यात घोळ." सगळे मामाकडे बघायला लागले. मी माझ्या बुटांकडे.

साहेबांनी सांगून टाकलं, सोमवारपर्यंत जमलं नाही तर मामाला स्टोअरला बसवू. तीन दिवस मामा त्या कोपऱ्यावर ओणवा. आधी दगड, मग पॉलिश पेपर, मग नुसतं बोट फिरवून बघायचं. पत्रा लावला की परत टर्र. बोटांना अशा चिरा पडल्या की घरी मामी त्याच्या शर्टाची बटणं काढायची. "बत्तीस वर्षांच्या संसारात हे एक राहिलं होतं," म्हणाली. जेवायला बसलेले सगळे हसले. मी ताटात मान घातली.

शनिवारी मामा माझ्या टेबलापाशी आला. हात मागे धरून.

"बाळ, तुझ्या त्या चित्रात बघून सांग ना, माझं कुठे चुकतंय? मला कळेनासं झालंय का आता?"

 मी गुपचूप पहिली, लाल डागाची फाइल उघडली. मामाने चष्मा वर सरकवला.

"अगं, अस्संच फाटतंय. मग हे हिरवं कसं झालं?"

"तेल लावलं."

"किती?"

मी सांगितलं. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाला, "साहेबांना तू सांगतेस की मी?"

मीच गेले. वाटलं, नोकरी गेली आज. साहेब म्हणाले, "होतं असं, नवीन आहेस, शिकशील." बस. एवढंच. कोपऱ्याची गोलाई वाढवली, ती मामानेच दोन तासांत घासून दिली, आणि पत्रा अख्खा निघाला. त्याला कुणी काही म्हणालं नाही. "आमचं चुकलं" असंसुद्धा नाही.

संध्याकाळी गेटपाशी मामा शर्टाच्या बाहीचं बटण लावायला बघत होता, जमत नव्हतं.

"ओरडले का गं तुला?"

"नाही."

"बरं झालं."

मी पुढे होऊन बटण लावलं. त्याने हात पुढे केला, लावू दिलं, पण बघत राहिला रस्त्याकडे. तेव्हा मी सॉरी म्हणायला हवं होतं ना? मी म्हणाले, "मामा, बस आली."