सातव्या मजल्यावरची कात्री

"काका, आपल्या सोसायटीत हसायची वेळ कोणती?"

विचारलं उन्नतीने, पण प्रश्न तिचा नव्हता, पैजेचा होता. पैज लावणारे तिचे दोस्त निशिगंधा आणि तेजस क्लबहाउसच्या खांबाआड तोंडात रुमाल कोंबून उभे होते. सानपाड्यातल्या त्या सोसायटीचे सेक्रेटरी दिनानाथकाका मात्र जराही हसले नाहीत. त्यांनी नियमांची फाईल उघडली, ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "लेखी काही दिसत नाही. तूर्त गार्डनमध्ये पाच ते सात धर. मोठ्याने नको."

सोसायटीची पोस्टर स्पर्धा तोंडावर आली होती. विषय 'आपली आदर्श सोसायटी'. घरी पोचेपर्यंत दहावीतल्या उन्नतीच्या डोक्यात चित्र तयार! तिने आख्खी बिल्डिंग काढली. प्रत्येक बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती जाळी, पण जाळीच्या आत माणसं. सगळी करडी, सगळी हाताची घडी घालून. बाहेर खुर्च्यांवर कबुतरं ऐसपैस. एकाकडे शिट्टी, एकाकडे रजिस्टर. सगळ्यात जाड्या कबुतराच्या काखेत फाईल आणि गळ्यात दोरीचा चष्मा, थेट दिनानाथकाकांचा. सातव्या मजल्यावर एकच मुलगी, हातात लालभडक कात्री.

"मेलीस तू," निशिगंधा म्हणाली. "गार्डनमधून तडीपार!"

आठवड्याने बाबा पेढे घेऊन आले. ते स्वतः कमिटीत होते. "पहिला नंबर, एकमताने! काका म्हणाले, कबुतरांचा त्रास इतका स्पष्ट आजवर कुणी मांडला नव्हता. चारही लिफ्टमध्ये लावलंय!"

उन्नती हसत हसत लिफ्टपाशी पळाली. चित्राखाली कमिटीने छापलं होतं, 'जाळी लावा, निर्धास्त राहा.' तिला आणखीच हसू फुटलं. मग नजर सातव्या मजल्यावर गेली. मुलीच्या हातात कात्री नव्हती. करडा झाडू होता.

ती तरातरा घरी आली. "बाबा, माझी कात्री कुठेय?"

"अगं, जाळी कापणं नियमात बसत नाही. तेवढंच बदललं. बाकी चित्र तुझंच आहे की!"

"त्या कात्रीसाठीच तर बाकीचं काढलं होतं! आणि हे जाडं कबुतर कोण, ओळखा बघू." तिने मोबाइलवरचा चित्राचा फोटो पुढे केला.

बाबांनी चष्मा पाहिला. दोरी पाहिली. पेढा घशात अडकला.

"तरी म्हटलं, यांना कुठेतरी पाहिलंय," आई पाण्याचा ग्लास देत म्हणाली.

"हळू बोला!" बाबा कुजबुजले. "त्यांना आवडलंय ना? मग झालं. प्रजासत्ताक दिनाला त्यांच्याच हस्ते बक्षीस आहे. उन्नती, स्टेजवर जायचं, थँक्यू म्हणायचं, खाली यायचं."

जाळीतली करडी माणसंही असंच बोलत असतील, उन्नतीच्या मनात आलं. तिने कंपासपेटीतून लाल मार्कर काढला.

"आई, बाबा, ऐका. मी बक्षीस घेणार नाही. सव्वापाच झालेत, काका गार्डनमध्ये कोण हसतंय ते मोजत असतील. तोवर मी चारही लिफ्टमध्ये जाऊन माझी कात्री परत काढणार आहे. आणि खाली नाव लिहिणार आहे, फ्लॅट नंबरसकट."