तिसऱ्या गाण्यातला श्वास

सुई ठेवली.

माझा पहिला अल्बम. कव्हर अजून कोरं आहे, ही नुसती नमुन्याची तबकडी. उद्या मी होकार दिला की कारखान्यात छपाई सुरू.

पहिलं गाणं डिस्कोचं. ड्रम छातीवर, बास कमरेत. आवाज माझा. दुसरंही माझंच. तिसरं संथ, पोटातून गायचं, अमेरिकन सोल संगीताच्या ढंगाचं. शेवटच्या ओळीत आवाज वर चढतो आणि वरच थांबतो. त्याच्या आधी कोणीतरी श्वास घेतं. तोंडाने.

मी नाकाने घेते.

सुई उचलली. ठेवली.

तोंडाने.

उचलली. ठेवली.

(शेजारणीने भिंत ठोकली. तिला वाटलं तबकडी अडकली. अडकले होते मी.)

तोंडाने श्वास घेते ताई. लहानपणी झोपाळ्यावरून पडली, तेव्हापासून तिचं नाक नावापुरतं. माझ्या सगळ्या गाण्यांना कच्चा आवाज तिचा. म्हणजे गाणं कुठे वळतं ते वादकांना कळावं म्हणून ती आधी गाऊन ठेवते, मग मी गाते, मग तिचं पुसतात.

पुसायचं असतं.

उचलली.

रेकॉर्डिस्टला आम्ही सगळे मामा म्हणतो. त्यांना विचारलं. मामांचं म्हणणं, पहिल्या अल्बमला सगळ्यांचेच कान वाजतात, एकाला तर स्वतःच्या गाण्यात मांजर ऐकू आलं होतं. असं म्हणून ते चष्मा पुसत बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना चष्मा पुसताना पाहिलेलं नाही. त्यावरच्या बोटांच्या ठशांतूनच ते जग बघतात.

तबकडीवर तुझा आवाज आहे म्हटल्यावर ताई हसली. तिची हाक दूधवाल्यालाही ऐकू जात नाही, तबकडीवर कुठून जाणार, म्हणाली. मग भाजी ढवळता ढवळता, "आणि ती शेवटची ओळ चांगलीच झालीय की."

तबकडी मी तिला ऐकवलेली नव्हती. ओळ कुठली तेही सांगितलं नव्हतं.

ठेवली.

तिला स्टुडिओत आणली. काचेपलीकडे माईकसमोर उभी केली आणि तीच ओळ गायला सांगितली. मामा बटणांकडे बघत राहिले. ताई चढली, छान चढली, आणि वर पोचताच घसरली. बेसूर. धडधडीत बेसूर.

"बघ, मला कुठे जमतंय?"

माझी ताई शिंकतेसुद्धा सुरात.

मी बोलायचं बटण दाबलं. "ताई, मुद्दाम घसरलीस."

ती हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. त्या दिवशी माझा आवाज तिथे फाटत होता, मी रडत घरी गेले होते, आणि मामांनी तिला ती ओळ गाशील का विचारलं होतं, हे सगळं तिने वायरलाच सांगितलं. मग माझ्याकडे बघितलं. "राहू दे ना, चिमणे. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना."

मामांना म्हटलं, पुसा. तुझा आवाज तिथे फाटेल, असं ते म्हणाले. फाटू दे, म्हटलं.

आत गेले. माईक ताईच्या उंचीवर होता, तो खाली घेतला. नाकाने श्वास घेतला. गायले. वर गेल्यावर आवाज फाटला, पण थांबला तिथेच. ताईने काचेपलीकडून मान हलवली, जशी मी लहान असताना हलवायची. मला बरं वाटलं. अगदी थोडा वेळ.

"मामा, आता दुसरी बाजू लावा. ती मी अजून ऐकलेली नाही."

मामांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.