ते धागे माझे नव्हते

साहेब, न पाहता निकाल दिलात तुम्ही, आणि खोटा ठरलो मी. हे मी आज मुलांसमोर सांगणार आहे. तुम्हाला आवडो न आवडो.

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळी अंगाचा, तीन भिंगांचा. १९५६ साली लाकडी पेटीत बसून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात आलो. मला हाताळायचा तो उकंडा. रक्त, थुंकी, लघवी तपासणं हे त्याचं काम. नागपूरला सहा महिने शिकून आला होता. त्याच वर्षी त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. दवाखान्यातल्या काही जणांना त्याने भरलेला पाण्याचा ग्लास चालत नसे, पण त्याने तपासलेलं रक्त चालायचं.

खिडकीच्या उजेडाला माझा आरसा वळवून तो मलेरिया शोधायचा, क्षयाचे जंतू शोधायचा. माझं कौतुक व्हायचं. यवतमाळहून पाहुणे आले की मला पुसून पुढे ठेवत.

पण पावसाळ्यात बंद पेटीत भिंगांवर बुरशी धरते. भिंगं कोरडी राहावीत म्हणून आत दिवा जळणारं कपाट द्या, असं उकंडाने दोनदा लिहून दिलं. साहेब, म्हणजे दवाखान्याचे मुख्य डॉक्टर, म्हणाले, "यंत्राला ऊब कशाला? ते काय बाळंतीण आहे?"

१९६२ च्या पावसाळ्यात उकंडाने एका रोग्याच्या थुंकीत धागे दिसतात असं कळवलं. साहेब आले, डोळा लावला, वरचं भिंग गोल फिरवलं. धागेही गोल फिरले.

"अरे, ही तुझ्या भिंगावरची बुरशी! रोग रोग्याला नाही, यंत्राला झालाय!"

सगळे हसले. मित्रांनो, ते खरं होतं. त्या दिवशी मीच खोटं दाखवलं होतं. ती लाज अजून माझ्या अंगावर आहे.

उकंडाने मग मला स्वतः साफ केलं. पेटीत ओल शोषायला कळीच्या चुन्याच्या पुरचुंड्या ठेवल्या. दर वेळी आधी भिंग फिरवायचा, मग काच सरकवायचा. भिंगाबरोबर फिरलं तर ते माझं, काचेबरोबर सरकलं तर ते रोग्याचं. त्यानंतर त्याने एकही चूक केली नाही. पण तो टोमणा गेला नाही.

पुढच्या श्रावणात पुसदकडच्या तांड्यावरून गुलाबसिंग आपल्या बायकोला, बिजलीबाईला, घेऊन आला. ती ग्लानीत होती. जास्त आजारी रोग्यांच्या खोलीत चार खाटा आणि एक ऑक्सिजनचं नळकांडं होतं. तिथे तिला ठेवलं. उकंडाने लघवी निळ्या द्रावणात तापवून पाहिली, ती विटकरी झाली. म्हणजे साखर भयंकर वाढलेली. इन्सुलिन सुरू झालं, पेनिसिलीन सुरू झालं. तरी एक डोळा सुजत चालला. सत्यभामा सिस्टरने तोंडात पाहिलं, तर टाळूवर काळा डाग. तिने चिमट्याने त्यातला कण काढून उकंडाला आणून दिला.

उकंडाने काचेवर पोटॅशचं पाणी टाकलं. मांस विरघळलं आणि उरले रुंद, फितीसारखे धागे. त्याने भिंग फिरवलं. धागे हलले नाहीत. काच सरकवली. धागे सरकले.

नागपूरच्या त्याच्या मास्तरांनी सांगितलं होतं, बुरशी थुंकीत दिसली तर थांबा, ती हवेतली, तोंडातली असू शकते. पण मांसात शिरलेली दिसली तर धावा. तो धावला.

"साहेब, एकडाव डोळा लावून पाहा ना जी. मांसात बुरशी हाये."

"मागच्या वर्षीचं विसरलास वाटतं?" साहेबांनी मान वर केली नाही. "पेटी धू आधी. पेनिसिलीन चालू ठेवा."

तो परत आला तेव्हा माझ्यापाशी गुलाबसिंग उभा होता.

"काय दिसून राह्यलं भाऊ या डबड्यात?"

"बुरशी."

"बुरशी तं लोणच्यावर येते. मानसाले कायले येईन?"

"अंगात साखर लय वाढली का तिले रान मोकळं भेटते, गुलाबभाऊ. पाहून घे."

गुलाबसिंगने डोळा लावला. बराच वेळ काढला नाही.

"कापसाच्या पऱ्हाटीच्या मुळ्यावानी हाये हे. घुसली खोल."

तो तडक साहेबांकडे गेला. "साहेब, म्या पाह्यलं. मुळ्या हायेत. तिले नागपूरले धाडा."

"तू कोण सांगणारा? शेती कर तुझी."

"शेतीच करतो जी. म्हणून तं मुळ्या वळखतो."

नागपूरला धाडायची चिठ्ठी तिसऱ्या दिवशी मिळाली. तोवर सूज दुसऱ्या डोळ्यावर गेली होती आणि बिजलीबाई हाकेला ओ देत नव्हती. गाडी फाटकात आली तेव्हा सिस्टरने तिच्या तोंडावर पदर ओढला.

नागपूरला ती वाचलीच असती असं मी म्हणत नाही. बुरशीवरचं औषध तेव्हा दुर्मीळ होतं. पण सडलेलं कापून काढणारे हात तिथे होते. इथे तीन दिवस नुसते गेले.

उकंडाने पुढे बदली मागून घेतली. नवं यंत्र आलं, मी फुटक्या बाटल्यांच्या खोलीत गेलो. आता माझ्या भिंगांवर खरोखरच बुरशी आहे. पुसायला कोणी येत नाही. मित्रांनो, भिंगं कोरडी ठेवा, स्वच्छ ठेवा. आणि एकदा चुकलेला माणूस दुसऱ्यांदा बोलावतो तेव्हा उठून जा.

साहेब, टाळूच्या त्या कणाबद्दल उकंडाने लिहिलेल्या कागदावर तुम्ही लाल शाईने 'भिंगातील बुरशी' असा शेरा मारलात. बिजलीबाईच्या कागदावर मरणाचं कारण लिहिलंत, 'मेंदूज्वर'. त्या श्रावणात माझ्याजवळ तर तुम्ही आलाच नाहीत. मग हे दोन्ही तुम्ही कशात पाहून लिहिलंत? उत्तर द्या.