गच्चीच्या जाळीवरची साटीनची पट्टी

मित्रांनो, मी ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरातल्या एका पाच मजली इमारतीची जुनी गच्ची आहे. समुद्रावर ढग जमले की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

चाळीस वर्षं मी नुसती उघड्या सिमेंटची होते. पडलेला सगळा पाऊस मी एका दमात रस्त्यावर सोडायचे. गटार तुंबायचं आणि ते पाणी थेट तळघरातल्या एव्हान्थियाबाईंच्या दुकानात शिरायचं. त्या लग्नाचे पोशाख शिवतात. मला फार अपराधी वाटायचं.

सात वर्षांपूर्वी रहिवाशांनी माझ्यावर खडी आणि हलकी माती पसरून जाड पानांची बुटकी झाडं लावली. कोपऱ्यात जाळीचं एक अरुंद तोंड ठेवलं. आता मी पाऊस पिऊन घेते आणि उरलेलं पाणी तिथून हळूहळू सोडते. तळघर कोरडं राहू लागलं. बाई गिऱ्हाइकांना मुद्दाम वर आणून मला दाखवायच्या.

पण ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात इथे जो तो चुना लावत सुटतो. झाडांची खोडं, पायऱ्या, काही सुटत नाही. माझा कठडा पाचव्या मजल्यावरचे झिसिस रंगवतात. गेल्या वर्षी त्यांनी चुन्याची बादली माझ्या त्या तोंडातच धुतली. चुना खडीत बसून घट्ट झाला आणि तोंड बुजलं. मला कळत होतं, पण सांगणार कुणाला?

ऑक्टोबरात पाऊस कोसळला. मी काठोकाठ भरले आणि कठड्यावरून सगळं पाणी खाली गेलं. शनिवारी लग्न असलेल्या नवरीचा पोशाख गुडघ्यापर्यंत चिखलात भिजला.

एव्हान्थियाबाई दुखरे गुडघे घेऊन वर आल्या. मागून झिसिस आले.

"चुना कुणी ओतला इथे?"

"ओतला कुठे, बादली धुतली. भोक पाण्यासाठीच आहे ना?"

"हो ना. आणि मी खाली मासे पाळलेत."

ज्या कात्रीने त्या कुणाला कागदसुद्धा कापू देत नाहीत, त्याच कात्रीने त्या चुना खरवडू लागल्या.

"द्या इकडे, कात्री बाद कराल," म्हणत झिसिस खाली बसले आणि हातांनी खडी उकरू लागले.

पोशाखाचा घेर कापून टाकावा लागला. त्यातली साटीनची एक पट्टी बाईंनी माझ्या जाळीला बांधली.

आज पुन्हा कठडा रंगवून झाला. झिसिस बादली घेऊन जाळीपाशी आले, तेव्हा मी धास्तावले. पट्टी दिसताच ते थबकले. मग कुरकुरत बादलीसकट पाच मजले उतरून गेले.

पण मित्रांनो, मला अजून स्वस्थता नाही. वाऱ्याने पट्टी विरत चालली आहे. ती उडून गेली तरी खाली कोण आहे, हे विसरू नका.