टिनकपची पहिली खुर्ची

सकाळपासून वर डोंगरात सुरुंग वाजत होते, आणि प्रत्येक धडाक्याला खाली मैदानात मुलं ओरडत होती, "आणखी एक!"

टिनकप डोंगराची वरची वाटी आज उघडायची होती. धारेखालचा तो मोठा गोलसर उतार हिवाळ्यातले बरेच दिवस बंदच असतो. भरपूर बर्फ पडला की डोंगराचे राखणदार वर जातात, माणसांवर कोसळू शकेल असा सगळा बर्फ सुरुंग लावून आधीच पाडून टाकतात, आणि मग त्यांचा प्रमुख, तारेवरून खुर्च्या वर नेणाऱ्या लिफ्टपाशी बांधलेला लाल दोर सोडतो. त्या दिवशी गावात कोणी कामावर जात नाही. ज्याचा दात दुखतो तोही मुकाट्याने सोसतो, कारण दातांचा डॉक्टर पहाटेच लिफ्टच्या रांगेत जाऊन उभा राहिलेला असतो. लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन येतात आणि दोर सुटेपर्यंत वाजवत राहतात.

लुकेरिया कालमाकॉफ, म्हणजे सगळ्या गावाची लुशा आजी, आज फार खुशीत होती. जन्मभर तिने या डोंगराची राखण केली होती आणि आता मुलांना शिकवत होती. तिचा डावा गुडघा बदलून झाला होता, उजवा उद्या केलोना शहरातल्या दवाखान्यात बदलायचा होता. डॉक्टरने बजावलं होतं, "त्याआधी स्कीवर एकदाच. तेही हळू." नंतर दोन हिवाळे स्कीचं नाव काढायचं नव्हतं. ते 'एकदाच' तिने वरच्या वाटीसाठी जपून ठेवलं होतं. आज दोर सुटला तर ठीक. नाही सुटला, तर पुढचं पुढे, आणि या वयात 'पुढे' हा शब्द जरा दबकतच उच्चारावा लागतो.

टिनकपची एक रीत होती. दोर सुटल्यावर पहिली खुर्ची मोठ्यांना मिळत नसे. त्या सकाळी मुलांचा शोधाचा खेळ व्हायचा. जो जिंकेल तो पहिल्या खुर्चीत बसणार, आणि शेजारी कोणाला घ्यायचं तेही तोच ठरवणार. नऊ वर्षांची ओपल आठवडाभर गावात सांगत फिरत होती, "मी जिंकणार आणि लुशा आजीला नेणार!"

"आधी जिंक तर खरी," आजी म्हणायची, आणि घरी जाऊन स्कींना मेण लावायची.

"चला, गोल करा," आजीने हाक दिली. मुलं घोळक्याने आली. प्रत्येकाच्या छातीवर पट्ट्याने बांधलेलं साबणाच्या वडीएवढं बीकन, म्हणजे गाडलेल्या माणसाचा ठिकाणा कळवणारं यंत्र, होतं. "हे बॅगेत का नाही ठेवायचं?"

"बर्फाची दरड आली तर बॅग एकीकडे जाते आणि आपण दुसरीकडे!"

"डोंगरावर असताना बीकन काय करतं?"

"हाका मारतं!"

"आणि कोणी गाडलं गेलं, आपण शोधतोय, तेव्हा?"

"आपलं ऐकण्यावर टाकायचं!"

"एकाने विसरून हाका मारत ठेवलं तर?"

"सगळे त्या गाढवालाच शोधतात!"

"गाढव मी शिकवलेलं नाही, पण बरोबर आहे. आता शेवटचं. वर जायचं की नाही, हे कसं ठरतं?"

"एकाचं नाही म्हणजे सगळ्यांचं नाही!"

"कारण विचारायचं?"

"नाही!"

"त्याला चिडवायचं?"

"नाही!"

सगळ्यांत छोट्या काईने हात वर केला. "आजी, दुपारच्या बोर्श सूपला माझं नाही."

"बोर्शला हा नियम लागत नाही, राजा. कोबी खावाच लागतो."

मैदानात कुठेतरी एका पोत्यात बीकन घालून ते पोतं पुरून ठेवलं होतं. आजीने शिट्टी फुंकली. मुलांनी आपापली बीकनं ऐकण्यावर टाकली आणि हातात धरून निघाली. पडद्यावरचा बाण दिशा दाखवतो, आकडा कमी होत गेला की आपण जवळ आलो. ओपल नाक जवळजवळ बीकनला टेकवून सगळ्यांच्या पुढे चालली होती. एकाएकी तिचा बाण वळला. काईचाही वळला. मग सगळ्यांचेच वळले, आणि मुलांची ती रांग वाकडी होत होत लाकडी उपाहारगृहाच्या दिशेने धावत सुटली.

"सापडलं! सापडलं!" ओपल किंचाळली, आणि तिने समोरून येणाऱ्या माणसाच्या कमरेला मिठी मारली.

तो रेन्झो होता, राखणदारांचा प्रमुख. वरून नुकताच उतरला होता, मिशीला बर्फ लागलेला, डोकं कुठल्या कुठे. आपल्या छातीवरचं बीकन अजून हाका मारतंय आणि आपण भर खेळातून चाललोय, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. याच मैदानात, याच आजीकडे तो हे सगळं शिकला होता.

"रेन्झो," आजी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "काय रे हे?"

"बाई, चुकलो," तो ओशाळून म्हणाला. "डोक्यात दुसरंच होतं."

"शिक्षा! शिक्षा!" मुलं नाचायला लागली. शिक्षा ठरलेली होती. जो असा खेळात घुसेल त्याला कंबरेपर्यंत बर्फात पुरायचं. प्रमुख असला म्हणून काय झालं! रेन्झोने नाइलाजाने बसकण मारली, आणि मुलांची छोटी फावडी त्याच्याभोवती धपाधप चालू लागली.

"आज्जी, हा एवढा लांबडा आहे, बर्फ पुरणार नाही!"

"पाय दुमड रे काका!"

आजी त्याच्याशेजारी फावड्यावर रेलून उभी राहिली. "वर काय झालं?" तिने हळूच विचारलं.

"सगळीकडचा बर्फ उतरला, बाई. झकास उतरला. फक्त धारेचा पूर्वेकडचा खांदा उरलाय. दोनदा सुरुंग लावले. हललासुद्धा नाही. आता घट्ट बसलाय म्हणून हलत नाही, की कोसळायची वाट बघतोय, कळत नाही. आणि पहाटेपासून वारा तिथेच बर्फ नेऊन टाकतोय." त्याने लिफ्टकडे पाहिलं. घंटा जोरात वाजत होत्या. "तिथे अर्धं गाव उभं आहे. ऑफिसातून मॉरीनने तीनदा विचारलं. माझा पहिलाच हिवाळा आहे प्रमुख म्हणून." मग तो पुढे झुकून म्हणाला, "तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

आजीने धारेकडे पाहिलं. खांदा उन्हात चमकत होता, देखणा, गुळगुळीत, जणू काही केलंच नाही अशा चेहऱ्याचा. खांद्याच्या पुष्कळ अलीकडून उतरता येईल. लोकांना सांगता येईल, उजवीकडेच राहा. सोडून दे दोर, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी जिभेवर आले. उजवा गुडघासुद्धा दुखायचा थांबल्यासारखा वाटला, लबाड कुठला.

तिने तोंड मिटलं आणि पुन्हा उघडलं.

"मला विचारू नकोस," ती म्हणाली.

"बाई, तुमच्याएवढा हा डोंगर कोणी..."

"म्हणूनच सांगते. मला आज वर जायचंय, रेन्झो. उद्या माझा गुडघा कापतायत. मी आठवडाभर स्कींना मेण लावतेय. ज्याला इतकं जायचंय त्याचं मत घेऊ नये. ते मत नसतं, ती हाव असते."

फावडी थांबली होती. मुलं ऐकत होती. आजीचा आवाज असा त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"खांदा बसलाय का?" काईने रेन्झोला विचारलं.

"माहीत नाही," रेन्झो म्हणाला.

"मग तुझं नाही आहे का?"

कंबरेपर्यंत बर्फात बसलेल्या रेन्झोने पुन्हा एकदा धारेकडे पाहिलं. तेवढ्यात त्याच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला. डोंगराचा सगळा कारभार पाहणारी मॉरीन बोलत होती. "रेन्झो! कुठे गायब झालास? लोक दोर खातील आता. उघडायचं ना?"

"मॉरीन, मी खड्ड्यात आहे."

"काय?"

"मुलांनी पुरलंय मला. ते राहू दे. वाटी आज उघडत नाही."

खरखर. मग, "का?"

रेन्झोने मुलांकडे पाहिलं. मुलांनी एकदम माना हलवल्या. "कारण विचारायचं नसतं," तो म्हणाला. "पण तुला सांगतो. खांद्याचं मला माहीत नाही. माझं नाही आहे."

"बरं," मॉरीन म्हणाली. "मग मी सूप गरम करायला सांगते. आणि तू लोकांना तोंड दाखव. खड्ड्यातून बाहेर येऊन."

लोकांनी आधी हुर्यो केली, मग टोमणे मारले. लिफ्ट चालवणारा डग म्हणाला, "रेन्झो, तुझ्या लग्नाची तारीखसुद्धा तूच ठरवलीस ना? मग ते कधी होतंय ते कळलं!" दातांचा डॉक्टर म्हणाला की आता दवाखाना उघडावा लागेल, तेव्हा रेन्झोचा पहिला दात उपटू. पण लाल दोराला कोणी हात लावला नाही. हळूहळू घंटा उपाहारगृहात गेल्या, तिथे कोणीतरी अकॉर्डियन काढलं, बोर्शची मोठी पातेली आली, आणि न उघडलेल्या वाटीचाच सण सुरू झाला. काईने कोबी बाजूला काढून ओपलच्या वाडग्यात टाकला.

आजी मात्र बाहेर बाकावर बसली होती. नाराज होण्यासाठी तिने स्वतःला एक कप चहा पिऊन होईल एवढा वेळ दिला होता. चहा संपत आला तेव्हा ओपल समोर येऊन उभी राहिली. पोतं शेवटी तिलाच सापडलं होतं.

"आजी, मी जिंकले. पण खुर्चीच नाही."

"बघ ना."

"तुझं ते एकदाच अजून शिल्लक आहे ना? मग छोट्या टेकडीवर चल!"

"ती टेकडी? तिथे तर लंगोटातली पोरं स्की शिकतात."

"डॉक्टर म्हणाला ना, हळू?"

आजी खो खो हसली. मेण लावलेल्या, चकचकीत स्की तिने त्या इवल्याशा टेकडीवर नेल्या. मागे सगळी मुलं रांगेत, आणि सगळ्यांत शेवटी अजून पॅन्टवरून बर्फ झटकणारा रेन्झो. आजीने असे रुबाबदार वळसे घेतले, जणू खाली राणी बसलीय. उपाहारगृहातून लोक बाहेर आले आणि सकाळच्या उरलेल्या सगळ्या घंटा त्यांनी तिथे वाजवल्या. टेकडी एवढी लहान होती की टाळ्या संपायच्या आधी आजी खाली पोचली.

"पुन्हा!" काई ओरडला.

"एकदाच म्हणजे एकदाच," आजी म्हणाली.

निघताना ओपलने आजीची लाल लोकरी टोपी मागितली. पोरीला थंडी वाजत असेल म्हणून आजीने दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला होता. वर पुन्हा सुरुंग वाजला. आजीची मुलगी वेरा केलोनाला जायला गाडी काढत होती आणि आजी काचेतून धारेकडे बघत होती. खांदा हललाच नाही. कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर एक माणूस म्हणाला, "बघा, लुशाबाई! पडलाच नाही. काल उगाच बंद ठेवलं. फुकट गेला दिवस."

"कोणी गाडलं गेलं नाही आणि तू कॉफी पितोयस," आजी म्हणाली. "याहून चांगली तक्रार मला राखणीच्या सगळ्या वर्षांत कोणी केली नाही. पी."

रस्ता लिफ्टच्या पायथ्यावरून जातो. वेराने वेग कमी केला, कारण तिथे गर्दी होती आणि घंटांचा नुसता कल्लोळ चालला होता. खांद्याची आता खात्री पटलेल्या रेन्झोने लाल दोर सोडला. लिफ्टची पहिली खुर्ची वळून आली आणि तशीच रिकामी वर निघाली.

अगदीच रिकामी नाही. तिच्या आडव्या दांड्याला एक लाल लोकरी टोपी घट्ट बांधली होती, आणि ती वाऱ्याशिवायच डुलत, सगळ्यांच्या पुढे, वरच्या वाटीकडे चालली होती. मागच्या खुर्चीत ओपल आणि काई पाय हलवत बसले होते. ओपल ओरडली, "आजी, ही जागा धरून ठेवलीय! गुडघा आणलास की बस!"

आजीने खिडकी पार खाली केली आणि डोकं, हात, अर्धी छाती बाहेर काढून अशी आरोळी ठोकली की डगने लिफ्ट थांबवायच्या बटणाकडे हात नेला.

"आई, आत ये. खिडकी लाव, गारठा येतोय," वेरा म्हणाली.

"नाही."

"का पण?"

"कारण विचारायचं नसतं," आजी म्हणाली, आणि लाल ठिपका धारेपाशी दिसेनासा होईपर्यंत हात हलवत राहिली.