कुंभारणीचं घर

"उधर हाथ मत लगाइये," अनुपमा म्हणाली, तेव्हा यूनुस शिडीच्या चौथ्या पायरीवर होता आणि त्याच्या हातात स्क्रॅपर होता.

आखातातल्या सिलिकॉन ओएसिस वसाहतीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या खिडक्यांच्या फटी तो सकाळपासून बुजवत होता. जानेवारी आला की इथली माणसं हौसेनं एसी बंद करून खिडक्या उघडतात. गांधीलमाश्यांनाही थंडी वाजते, त्याही ऊब शोधत आत येतात. मग माणसं ओरडतात आणि यूनुस पारकर सिलिकॉनची गन घेऊन हजर होतो. सत्तावीस वर्षं त्याचं हेच चाललं होतं. मुहैस्नाहच्या कामगार वस्तीतले खोलीसोबती त्याला 'माश्यांचा वॉचमन' म्हणत. त्याला राग येत नसे. कशाचा का होईना, वॉचमन तर होता.

कामाचा त्याचा नियम एकच. आधी आत कोण आहे ते बघायचं, मग भोक बुजवायचं. उलटं केलं की अडकलेल्या माश्या घरातच निघतात आणि शिव्या आपल्याला बसतात.

ही शेवटची खोली. इस्त्रीचं टेबल, दोन रिकाम्या बॅगा आणि एकाच भिंतीला पिवळा रंग. पडद्याच्या पट्टीमागे मातीचा मुठीएवढा गोळा चिकटला होता. खालच्या बागेतली ओली माती कणाकणानं आणून कुणीतरी निगुतीनं बांधलेला.

"मॅडम, ये तो निकालना पडेगा. निखिलसाहब ने फोन पे बोला है, सब साफ करने का."

"कुंभारीण माशीचं घर आहे हो ते," ती स्वतःशीच पुटपुटली.

यूनुस शिडीवरच वळला. "तुमी मराठी, बाय?"

"पुण्याची. आणि तुम्ही?"

"रत्नागिरीचा. आमच्याकडे पण म्हणतात."

"काय म्हणतात?" तिला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं.

"कुंभारणीनं घर बांधलं की घरात पाळणा हलतो."

ती बॅगेवर टेकली. म्हणाली, "सहा आठवडे झालेत. निखिलला अजून सांगितलं नाही. आधी दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा… त्याचा चेहरा बघवत नाही मला. मी लॅबमध्ये काम करते यूनुसभाई, मला सायन्स कळतं. पण हे नको ना काढू या." मग एकदम लहान मुलीसारखं विचारलं, "भरलेलं आहे ना? आत आहे ना कुणी?"

यूनुसनं बॅटरी मारली. मातीला तीन भोकं होती, पेन्सिलीनं पाडावीत तशी गोल. आतली केव्हाच मोठी होऊन उडून गेली होती. घर रिकामं होतं. तो गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिला.

"भरलेलं आहे," तो म्हणाला. "थंडीभर आत झोपून राहतात. इन्शाल्ला, मार्चात उडतील."

"मग बाहेर कुठून जातील? तुम्ही तर सगळंच बंद करताय."

खिडकीच्या कोपऱ्यात डिशच्या जुन्या वायरीचं भोक होतं. कुंभारीण तिथूनच आली असणार. "हे एवढं ठेवतो," यूनुस म्हणाला. रिपोर्टवर त्यानं लिहिलं, ऑल सील्ड. एवढ्या वर्षांत खोटा रिपोर्ट त्यानं पहिल्यांदाच लिहिला.

लिफ्टमधून उतरताना त्याला बायको आठवली, बिलकीस. पंचवीस वर्षांपूर्वी तो पहिल्या सुट्टीवर गावी गेला होता. बिलकीसला नुकते दिवस राहिले होते. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी माजघराच्या दारावर असंच एक घर त्याला दिसलं आणि नव्या धंद्याची मिजास म्हणून त्यानं ते कोयत्याच्या टोकानं खरवडून काढलं. "अगं, या कामाचाच तर पगार मिळतो मला!" बिलकीस दाराला धरून रडली होती. एवढी, की त्याला हसायचं सुचेना. तो इकडे परतला आणि दीड महिन्यानं भावाचा फोन आला. पुढे त्यांना मूल झालंच नाही. तिनं कधी बोल लावला नाही आणि त्याचीही विचारायची हिंमत झाली नाही. दर जुम्म्याला फोनवर पाऊस, आंबे, बांगडे, सगळ्यांची खैरियत. तेवढं सोडून सगळं.

मार्चअखेरीस ठरलेल्या फेरीला तो पुन्हा आला. अनुपमानं दार उघडलं आणि तिचा चेहरा बघूनच तो समजला.

"ते एक भोक राहिलंय ना," ती म्हणाली, "तेही बुजवा आता."

त्यानं शिडी लावली. ती दारात उभी राहिली.

"फेब्रुवारीत मी स्टुलावर चढून बघितलं. सगळं झाल्यावर. तीन भोकं आहेत त्याला. रिकामंच होतं ते. तुम्हाला दिसलं होतं ना?"

"हो, बाय."

"मग?"

"सांगवलं नाही."

यूनुसला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडावं असंही वाटलं.

"बरं केलंत," ती म्हणाली. "तुम्ही भरलेलं म्हणालात, त्यानंतरचे बारा दिवस मी फार सुखात होते. रोज सकाळी या खोलीत येऊन बसायचे." मग खांदे उडवल्यासारखं करून म्हणाली, "खलास. काढून टाका ते."

त्यानं घर हलक्या हातानं सोडवून कागदात घेतलं. मग भोकात सिलिकॉन भरलं. एरवी त्याची रेघ पट्टीनं आखल्यासारखी यायची, आज ती वाकडी गेली. अंगठ्यानं सारखी करायला गेला तर आणखीच पसरली.

"राहू दे," अनुपमा म्हणाली. "बंद झालं ना, पुरे."

खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून त्यानं भरदुपारी बिलकीसला फोन लावला. जुम्मा नव्हता, म्हणून ती घाबरली.

"काय झालं? तब्येत बरी आहे ना तुमची?"

"बरी आहे. बिलकीस, ती कुंभारीण… माजघराच्या दारावरची. मी तिचं घर पाडलं होतं. तू किती रडलीस. त्याची माफी मागायची राहून गेली."

पलीकडे कोंबड्या कलकलत होत्या.

"ते होय?" बिलकीस म्हणाली. "रिकामंच होतं की ते. आदल्या दिवशी जळमटं काढताना मी बघितलं होतं."

"मग एवढी रडलीस कशाला?"

"तुमी सकाळी जाणार होतात म्हणून."

मांडीवरच्या कागदात माती कोरडी होऊन सुटत चालली होती. फोन कुणीच ठेवला नाही.