हेर्लिंडा बाईंचा एकच शब्द

होंडुरासमधल्या एका डोंगरगावात हेर्लिंडा बाईंनी एकतीस वर्षं शाळा चालवली. वर्गात कुणी शिवी दिली, की त्याला दुपारपर्यंत अंगणात उभं करायच्या. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, पण वाचा गेली. उरला एकच शब्द, आणि तोंड उघडलं की तोच बाहेर पडायचा: "भडव्या."

पाणी हवं असलं तरी भडव्या, घरी पाद्रीबाबा आले तरी भडव्या. बाईंनी घराबाहेर पडणंच सोडलं. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, तरी आरोग्य केंद्रात गेल्या नाहीत. धाकटी बहीण नोल्विया विचारायची, तेव्हा 'आहेत, आहेत' अशी हातानं खूण करायच्या.

शेवटी नोल्वियाला रिकामी डबी सापडली. "ताई, दोन महिने फसवलंस मला? ऊठ! परत झटका आला तर तुला उचलू कशी मी?"

केंद्रात कॉफीच्या मळ्यांतली माणसं दाटीवाटीनं बसली होती. तिथला नर्स एल्मेर बाईंचाच विद्यार्थी. "बाई, तुम्ही!" म्हणत तो धावत आला आणि त्यानं त्यांचे दोन्ही हात धरले. बाईंना भरून आलं. 'देव तुझं भलं करो' म्हणायला गेल्या.

"भडव्या!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि अख्खी खोली खिदळायला लागली. बाईंच्या कानशिलांची आग झाली. नोल्वियाचा हात झिडकारून, पाय ओढत त्या घरी निघून आल्या.

दुसऱ्या दिवशी एल्मेर रक्तदाबाचं यंत्र घेऊन घरी आला. बाईंनी तोंडावर चादर ओढून घेतली.

"बाई, मेंदूतली बोलायची जागा दुखावली की कधी कधी शिवी तेवढी उरते. तुमचा काही दोष नाही त्यात. काल तिथंच सगळ्यांना सांगायला हवं होतं मी." त्यानं मान खाली घातली. "पण मीही हसलो, बाई."

चादरीखालून एक हात बाहेर आला. एल्मेरनं मान खाली घालूनच त्यावर पट्टा बांधला. रक्तदाब फार चढला होता.

"गोळ्या आणल्यात. दर मंगळवारी तपासू. केंद्राचं मागचं दार उघडं ठेवतो."

बाई मंगळवारी गेल्या, मागच्या दारानं. महिन्याभरात रक्तदाब उतरला. पुढच्या दारानं मात्र त्या वर्षभरात एकदाही गेल्या नाहीत.